साडूभाऊ आणि साहेबांची थडगी

मेलेल्या माणसांत आमच्या साडूभाऊंइतका रमणारा जिवंत माणूस मी दुसरा पाहिला नाही. कोणी पत्त्यांत रमतं, कोणी नाटकांत, कोणी रेडिओला कान लावून क्रिकेटमध्ये. साडूभाऊ थडग्यांत रमत. आणि थडगी तरी कुणाची? ज्यांचं आपल्याला ना सोयर ना सुतक, अशा दीडदोनशे वर्षांपूर्वी इथं येऊन तापानं, जुलाबानं आणि बहुधा आपल्या उन्हानंच मेलेल्या साहेब लोकांची. साडू हे नातं मुळातच चमत्कारिक. दोन बहिणींनी कुठले तरी दोन अनोळखी पुरुष आणून एका पंगतीत शेजारी शेजारी बसवायचे, आणि त्या दोघांनी जन्मभर एकमेकांकडे चोरून बघत ‘ह्याचं आपल्यापेक्षा बरं चाललंय की वाईट’ याचा हिशेब करत राहायचं. माझ्यापुरता हा प्रश्न पहिल्याच भेटीत निकालात निघाला. लग्नानंतर त्यांनी आम्हाला मुलुंडला जेवायला बोलावलं होतं. माझी नोकरी, पगार, घराचं भाडं, यातलं काहीही न विचारता अळूच्या भाजीवरून मान वर करून ते म्हणाले, “काय हो धाकटे, तुमच्या अंधेरीला मरोळच्या बाजूला ते पडकं चर्च आहे, त्याच्या मागच्या अंगाला थडगी शिल्लक आहेत का?”

“असतील,” मी म्हणालो.

“असतील म्हणजे? राहता तिथं आणि बघितली नाहीत?” त्यांच्या चेहर्‍यावर असं दुःख पसरलं की जणू ताजमहालाशेजारी राहून ताजमहाल न पाहिलेला इसम आपल्या मेव्हणीच्या वाट्याला आला. त्या दिवसापासून मी ‘धाकटे’ झालो, तो शेवटपर्यंत.

ते बंदर खात्यात होते. तरुणपणी कोकणपट्टीतल्या लहानसहान बंदरांवर बदल्या झाल्या, मग मुंबईच्या कचेरीत येऊन स्थिरावले. उंच, खांद्यांत किंचित वाकलेले, बारा महिने हातात छत्री आणि खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत बुटाचा एक जुना ब्रश, नारळाच्या काथ्याचा बोळा आणि पाण्याची बाटली. पाणी पिण्यासाठी असेल असं समजून मी एकदा हात घातला तर मला म्हणाले, “अहो, ते दगडांचं आहे. तुमच्यासाठी सोडा मागवतो.” रस्त्यानं जाताना कुठं शेवाळलेला अक्षरांचा दगड दिसला, की हे खाली बसलेच. मग तो मैलाचा दगड का असेना. एकदा घाटकोपरला एका सोसायटीच्या फाटकापाशी असेच बसून त्यांनी पाच मिनिटं घासून घासून जो मजकूर उजेडात आणला, तो ‘येथे वाहने उभी करू नयेत’ असा निघाला. “अक्षर चांगलं आहे पण,” असं म्हणून ते उठले.

आपल्या माणसांच्या मरणातही त्यांना तितकीच गती होती. नात्यात, कचेरीत, मुलुंडच्या त्यांच्या गल्लीत कुणीही गेलं की पहिला निरोप साडूभाऊंना. तिरडीची दोरी कशी आवळायची, गोवर्‍या कुठं चांगल्या मिळतात, भटजींना कुणी आणायचं, सगळं ते एकही शब्द मोठ्यानं न बोलता उरकत. रडणार्‍या माणसाच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे राहात, आणि तो हात असा की माणूस पोटभर रडून घेई. पण याचा एक तोटा झाला. लग्नकार्यात साडूभाऊ दिसले की यजमान आधी कोपर्‍यात बसलेल्या आपल्या म्हातार्‍यांकडे बघत. माझ्या चुलतभावाच्या साखरपुड्यात त्यांनी नवरीमुलीच्या आजोबांना सहज विचारलं, “काय, तब्येत कशी?” आजोबा पुढे दोन दिवस जेवले नाहीत.

त्याच चुलतभावाचं लग्न झाल्यावर तो बायकोला घेऊन आमच्याकडे आला होता. नवी नवरी विदर्भातली. समुद्र कधी पाहिलेला नाही. “मी दाखवतो,” साडूभाऊ म्हणाले. दोघांना वांद्र्याला घेऊन गेले. समुद्र दाखवला, नाही असं नाही. पण तो एका चर्चच्या आवारातून, थडग्यांच्या मधून जाणार्‍या वाटेनं, लांबून दाखवला. तिथं एका दगडापाशी थांबवून त्या कोवळ्या मुलीला म्हणाले, “हे बघ सूनबाई, हे नवराबायको. चाळीस वर्षं संसार केला आणि एका दगडाखाली निजले. असा संसार करा.” मुलगी घरी आली ती रडतच. आमची ही तिला समजावत होती की भावजी असेच आहेत, वाईट नाहीत. चुलतभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, “यार, हनिमूनची वाट लावली त्यांनी.” पण गंमत अशी की आज इतक्या वर्षांनी ती मुलगी, आता तिचीही पोरं शाळेत जातात, साडूभाऊंचा विषय निघाला की तोच दगड आठवते. “खरंच बोलले होते हो,” म्हणते.

थडग्यांवरचं इंग्रजी ते मोठ्यानं वाचत आणि लगेच त्याचं घरगुती मराठी करत. ‘अमुक रेजिमेंटच्या लेफ्टनंटच्या स्मृतीस’ वगैरे वाचून झालं की मान हलवून म्हणत, “तेवीस वर्षांचा! अरे, तेवीस हे काय जायचं वय झालं? आईला किती महिन्यांनी कळलं असेल? गलबत जाणार कधी, पोचणार कधी. तोवर ती बिचारी ह्याला लोकरीचे मोजे विणत बसली असणार.” कुणा मेजरला ते झापत, “तापात दारू कशाला प्यायची? पेज प्यायची!” मी म्हणे, “साडूभाऊ, तुम्हाला काय माहीत तो दारू प्यायला म्हणून?” ते शांतपणे म्हणत, “सगळेच प्यायचे. सांगायला कोणी नव्हतं.”

हे झालं इकडचं तिकडचं. पण वर्षातून एकदा, थंडीत, ते एका ठिकाणी जात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या एका जुन्या बंदराच्या गावी. खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं टेकाडावर साहेब लोकांची एक जुनी दफनभूमी आहे. तरुणपणी त्यांची तिथं बदली होती. “तिथल्यासारखी सिमेट्री कोकणात दुसरी नाही,” असं ते सांगत, आणि दरवर्षी एकटेच एस्‌टीनं जाऊन दुसर्‍या दिवशी परत येत. ताई म्हणजे माझी मोठी मेव्हणी. ती आदल्या दिवशी दशम्या आणि लसणीची चटणी करून फडक्यात बांधून देई, आणि वर म्हणे, “निघाले साहेबांच्या श्राद्धाला. काशी नाही, रामेश्वर नाही, ह्यांचं तीर्थक्षेत्र ते.” पण ते निघत तेव्हा ती दारापर्यंत येत नसे. मोरीत काही तरी घासत बसे. ताईला मूलबाळ नव्हतं, जीभ तिखट होती, आणि साहेबांच्या थडग्यांवर तिचा राग होता. यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

मग एका वर्षी साडूभाऊंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसर्‍या डोळ्याला जाड भिंग. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं होतं, पण थंडी पडली तसे हे पिशवी भरायला लागले. ताईचा निरोप आमच्या खालच्या वाण्याच्या फोनवर आला. मी फोन घेतला तर म्हणाली, “अहो, तुम्ही जा ह्यांच्याबरोबर. मी अडवणार नाही, अडवून थांबणार नाहीत. पण एकटे पाठवायचे नाहीत मला.” मी कारखान्यातून दोन दिवसांची रजा काढली आणि ठाण्याच्या स्टँडवर त्यांना गाठलं.

प्रवासभर साडूभाऊ खुशीत होते. पनवेलच्या पुढे प्रत्येक वळणावर ते मला उजवीकडे काय आहे, डावीकडे काय आहे ते सांगत होते. एका डोळ्यानं, तेही खिडकीकडे न बघता. गाव जवळ आलं, सुपारीच्या बागा लागल्या, खारा वास आला, तसे ते हळूहळू गप्प झाले. स्टँडवर चहा घेतला नाही. सरळ चालायला लागले.

दफनभूमी खरोखर सुंदर होती. जांभ्या दगडाचं कंबरभर कुंपण, लोखंडी फाटक गंजून एकाच बिजागरीवर लोंबकळलेलं. आत वाळलेलं गवत, चाफ्याची वाकडीतिकडी झाडं, आणि त्यांच्यामधून उभे राहिलेले साहेब लोकांचे मनोरे, घुमट्या, चौथरे. एका घुमटीला पिंपळानं मुळांत आवळून दोन तुकडे केले होते. एका कप्तानाच्या चौथर्‍यावर कुणाची तरी शेळी बसली होती. मी मनात म्हटलं, आता साडूभाऊंचं कीर्तन सुरू होणार. पण ते कप्तानाकडे बघितल्यासारखं करून पुढे गेले. कुणाला झापलं नाही. थेट खालच्या टोकाला, समुद्राच्या बाजूच्या कुंपणापाशी गेले. तिथं पाटाएवढा एक लहान दगड होता. खाली बसून त्यांनी पिशवी उघडली, बाटलीतलं पाणी ओतलं आणि काथ्यानं दगड घासायला लागले. एका डोळ्यानं नीट दिसत नव्हतं म्हणून हातानं चाचपून अक्षरं शोधत होते.

“मी करू का?” मी विचारलं.

“नको. मला पाठ आहे तो.”

अक्षरं उजळली तसं मी वाचलं. कुणा बंदरावरच्या अधिकार्‍याची मुलगी. वय पाच महिने. खाली बायबलातली एक ओळ.

“ही कोण?” मी विचारलं.

“शेजारीण,” साडूभाऊ म्हणाले.

मला कळलं नाही. त्यांनी हात धुतले, धोतराच्या सोग्याला पुसले आणि कुंपणावर टेकून बसले. पलीकडे दहाबारा फूट खाली समुद्र होता. भरतीचं पाणी कुंपणाखालच्या मातीवर येऊन धडकत होतं.

“आमची पोरही पाच महिन्यांचीच होती,” ते म्हणाले. “तुम्हाला सांगितलं नसेल कोणी. तुमचं लग्न व्हायच्या खूप आधीची गोष्ट. श्रावण होता. दोन दिवस ताप. डॉक्टर खाडीच्या पलीकडे, आणि वारा असा की तरीची होडी बंद. तिसर्‍या दिवशी सकाळी होडी सुरू झाली.” छत्रीचं टोक मातीत फिरवत म्हणाले, “तेव्हा उपयोग नव्हता.”

दात न आलेल्या लेकराला आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. एवढं मलाही ठाऊक होतं. त्या गावची ती जागा या कुंपणाच्या बाहेर होती. खाली वाळूचा मोठा पट्टा होता, उंडीची झाडं होती. कोळीवाड्यातली, गावातली, सगळ्यांची लहानगी तिथंच. साडूभाऊ आणि बंदरावरचे दोन खलाशी जाऊन ते काम करून आले होते. खूण म्हणून एक दगड ठेवायचा असतो, तोही ठेवला होता. मग वर्षाच्या आत बदली झाली. काही पावसाळ्यांनंतर ते परत आले तेव्हा वाळू नव्हती, झाडं नव्हती. समुद्र कुंपणाला लागला होता.

“म्हणजे आता ती तिथं,” म्हणून त्यांनी छत्री पाण्याच्या दिशेनं केली, आणि लगेच खाली घेतली. “मी आलो, बघितलं, आता बसायचं कुठं? पाण्याकडे तोंड करून किती वेळ उभा राहणार माणूस. कोणी विचारलं तर काय सांगणार? मग इथं आत आलो तर ही दिसली. तिच्या बापानं काय केलं बघा, धाकटे. पाच महिन्यांच्या पोरीचं नाव दगडात कोरून घेतलं. मुंबईहून गलबतानं आणला असेल हा दगड. कोणी हसलं असेल त्याला. आज दीडशे वर्षांनी मी वाचतोय ना? आपल्यात काही ठेवत नाहीत. बरोबरच असेल ते. पण मग मी हाच घासतो. दोघी एका वयाच्या, एका भिंतीच्या अल्याडपल्याड. शेजारीण म्हणायची नाही तर काय.”

मग जणू काही झालंच नाही असं ते उठले आणि शेळीला हाकलायला गेले. कप्तानाचा चौथरा मोकळा करून त्याला म्हणाले, “साहेब, जरा दरारा ठेवा.” मी हसलो. ते हसावं म्हणूनच बोलले होते.

परतताना त्यांनी मला एवढंच बजावलं, “हिला काही बोलू नका. समुद्राचं तर मुळीच नको. ती हे सगळं विसरलीय. कशाला उकरायचं?”

मुलुंडला घरी पोचलो. ते आंघोळीला गेले. ताईनं माझ्यापुढं चहा ठेवला, समोर बसली, पदराशी चाळा करत बसून राहिली, आणि मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, “तिथं सावली आहे का हो?”

“कुठं?”

“तिथं.”

मी म्हणालो, “चाफा आहे. बरीच झाडं आहेत.”

“चाफा बरा. तिला ऊन लागत असेल असं वाटायचं मला.” मोरीतल्या पाण्याचा आवाज येत होता तोवर ती बोलत राहिली. “बायकांनी जायचं नसतं म्हणाले तेव्हा. क्वार्टरात बसवून ठेवलं मला. खिडकी लावून घेतली. नंतर ह्यांनी एकदा तरी चल म्हणावं ना? कधी म्हणाले नाहीत. मी विषय काढला तर ह्यांना सोसायचं नाही, म्हणून मी गप्प. दरवर्षी दशम्या बांधून देते आणि शिव्या घालते त्या साहेबांना. दुसरं काय करणार?”

“त्यांना वाटतं तुम्ही विसरलात,” मी म्हणालो.

ताई हसली. तसं हसणं मी पुन्हा पाहिलं नाही, आणि पाहायला नको. मोरीतलं पाणी थांबलं तशी उठून भांडी आवरायला लागली.

मी घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही तेव्हा फ्रॉक घालणारी मुलगी. तिला एवढंच आठवत होतं की एका पावसाळ्यात ताई माहेरी येऊन खूप दिवस राहिली, आणि आईनं पाळणा माळ्यावर टाकायला लावला. ही रडली, मग चिडली. “काय माणसं आहेत ही! एका घरात राहतात, एका ताटलीत फराळ करतात, आणि बोलत नाहीत? कमाल आहे.” मी म्हटलं, आपण मध्ये पडू नये. मध्ये न पडणं हा माझ्या बायकोचा स्वभाव नाही. पुढच्या थंडीत मुलुंडला गेलो असताना तिनं सरळ विषय काढला.

“भावजी, यंदा आम्ही दोघंही येणार तुमच्याबरोबर.”

साडूभाऊ पेपरातून वर बघत म्हणाले, “तिथं काय आहे बघण्यासारखं?”

“साहेबांची थडगी. सगळ्या जगाला दाखवता, आम्हाला का नाही?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी ते म्हणाले, “या. पण तुझ्या ताईला एकटं कसं ठेवायचं? ती नाही यायची.”

स्वयंपाकघरातून आवाज आला, “ताईला विचारलंय का कोणी?”

साडूभाऊंनी पेपराची घडी केली, ती मोडली, पुन्हा केली. मग उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि आत न जाता, चौकटीला धरून, शाळेतल्या मुलासारखं विचारलं, “येतेस?”

“येते.”

एवढं एकमेकांना विचारायला दोघांचे केस पांढरे व्हावे लागले.

गेलो आम्ही चौघं. ताई त्या गावात पुन्हा पाय ठेवत होती. बंदरावरून जाताना तिनं आपलं जुनं क्वार्टर ओळखलं. कौलं बदलली होती, खिडकी तीच होती. ती थांबली नाही. फाटकातून आत शिरल्यावर साडूभाऊ पुढे, ती मागे, आणि आम्ही दोघं चाफ्याखाली मुद्दाम मागे राहिलो. पण वारा आमच्याकडे होता, त्यामुळं बोलणं ऐकू येत होतं.

“कुठं?” ताईनं विचारलं.

साडूभाऊंनी छत्रीनं दाखवलं. ताई कुंपणाशी गेली, वाकून खाली पाहिलं. खाली पाणीच पाणी.

“पाण्यात?”

“तेव्हा नव्हतं पाणी. वाळू होती. चांगली जागा होती. समुद्र नंतर आला.”

“आणि तुम्ही सांगितलं नाहीत.”

“काय सांगणार होतो?” त्यांचा आवाज फुटला. “जी जागा तुला दाखवली नव्हती, ती गेली म्हणून सांगू?”

मला वाटलं आता ती बोलेल, भांडेल; इतक्या वर्षांचं सगळं बाहेर काढेल. तसं झालं असतं तर आम्हालाही बरं वाटलं असतं. पण तिनं भलतंच विचारलं.

“डोकं कुठल्या अंगाला होतं?”

“या अंगाला. गावाकडे. पाय समुद्राकडे.”

“दुपट्यात होती ना?”

“हो. तू दिलेल्या. पिवळ्या.”

“पाय झाकले होते? तिचे पाय नेहमी बाहेर यायचे.”

“झाकले होते. मी स्वतः खोचलं होतं.” त्यांनी हातानं दाखवलं कसं खोचलं ते, आधी एक बाजू, मग दुसरी. “घट्ट नाही, जरा सैल.”

“सैलच लागायचं तिला,” ताई म्हणाली, आणि त्या लहान दगडाशेजारी गवतात बसकण मारून रडायला लागली. साडूभाऊ तिच्या शेजारी बसले. शेकडो घरांत परक्या माणसांच्या पाठीवर ज्यांनी हात ठेवले, त्यांना स्वतःच्या बायकोच्या पाठीवर हात कुठं ठेवावा ते कळेना. हात उचलला, पुन्हा मांडीवर ठेवला. शेवटी ताईनंच त्यांचा हात ओढून धरला. आमची ही माझ्या दंडाला धरून हमसत होती. मी कप्तानाच्या चौथर्‍याकडे बघत राहिलो. कुठं तरी बघायला हवं होतं.

दुपारी तिथंच दशम्या खाल्ल्या. निघताना ताई फाटकापाशी थांबली, समुद्राच्या बाजूला तोंड करून, घरातल्या माणसाला सांगावं तसं म्हणाली, “येते गं.” आणि पायर्‍या उतरली. परतीच्या एस्‌टीत ती दोघं आमच्या पुढच्या बाकावर होती. गाडी घाटाला लागायच्या आत साडूभाऊ तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले, तोंड उघडं टाकून, घोरत. चारचौघांत नवर्‍यानं जवळ बसलेलंही ताईला खपत नसे. पण पनवेल येऊन गेलं तरी तिनं खांदा हलवला नाही.

त्यानंतर ती दोघंच जाऊ लागली. आम्हाला कोणी बोलावलं नाही आणि तेच योग्य होतं. साडूभाऊंचे इतर उद्योग चालूच होते. बोरिवलीला कुणाच्या वास्तुशांतीत त्यांनी यजमानांना पायाखाली जुनी स्मशानभूमी होती की काय याची चौकशी करून ठेवायला सांगितलं, एवढा त्यांचा उत्साह शाबूत होता. पण ताई आता साहेबांना शिव्या घालत नसे. उलट एकदा मला म्हणाली, “तो कप्तान बघितलात ना? बायको तिकडे विलायतेत राहिली, बिचारा एकटाच गेला.” मी ओळखलं की आता घरात थडग्यांत रमणारे दोघं झाले.

साडूभाऊ गेले ते फार गाजावाजा न करता, एका सकाळी पेपर वाचता वाचता. अस्थींचा विषय निघाला तेव्हा नातेवाईक म्हणाले, नाशिकला नेऊ, गोदावरी आहे, सगळं रीतसर होईल. ताईनं नको म्हटलं. एक वडीलधारे म्हणाले, “अगं, गंगा-गोदा सोडून कुठल्या खाडीत टाकणार?” ती म्हणाली, “माझं ठरलंय.” कारण कुणाला सांगितलं नाही.

तिला घेऊन आम्ही दोघं गेलो. एका कोळ्याची होडी केली. दफनभूमीच्या खाली, कुंपणापासून थोड्या अंतरावर तिनं त्याला होडी थांबवायला सांगितली. वारा पडला होता. पाणी स्वच्छ नव्हतं, खाडीचं कधी नसतंच, मातकट, संथ. मडक्यावरचं फडकं तिनं स्वतः सोडलं. मडकं पाण्यात कलतं करताना ती काही पुटपुटली ते मला ऐकू आलं नाही. हिला आलं असावं, पण तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

अस्थी सोडल्यावर मागं वळून बघायचं नसतं म्हणतात. कोळ्यानंही तसं सांगितलं, “आई, आता पुढं बघा.” ताईनं मान डोलावली. आणि होडी धक्क्याला लागेपर्यंत ती मागंच बघत बसली होती.